‘टीसी-इन्क्लूड’चा पत्ता : पुण्याच्या संगणक प्रयोगशाळांतील एका सेटिंगचा इतिहास

‘अनेबल टू ओपन इन्क्लूड फाइल’. निळ्या पडद्यावर उमटणारे हे वाक्य पुण्यातील संगणकशास्त्राच्या असंख्य विद्यार्थ्यांनी कधी ना कधी वाचलेले आहे. पुष्कळदा प्रोग्राममध्ये चूक नसे. टर्बो सी ज्या डिस्कवर, ज्या डिरेक्टरीत उतरवले होते, ती जागा कंपायलरला ठाऊक नसे, एवढेच. मग ‘ऑप्शन्स’ मेनूतला ‘डिरेक्टरीज’ हा चौकोन उघडायचा, इन्क्लूडचा पत्ता आणि लायब्ररीचा पत्ता दुरुस्त करायचा, आणि पुन्हा प्रयत्न करायचा. सविस्तर धागा या चौकोनाविषयी.

त्या चौकोनातल्या दोन ओळींमागे एक जुना प्रश्न दडलेला आहे. दुसऱ्याने लिहिलेला प्रोग्राम आपल्या यंत्रावर आणायचा कसा : तयार वस्तू म्हणून, की मूळ मजकूर म्हणून? आज ‘हेडर-ओन्ली’ म्हणून ओळखली जाणारी लायब्ररी हे या प्रश्नाचे एक उत्तर. असे उत्तर इंटरनेटवर १९९४ मध्येच उपलब्ध झाले होते. पुण्याच्या महाविद्यालयीन प्रयोगशाळांत ते फार उशिरा पोहोचले, आणि याचे कारण तंत्रापेक्षा सवयीत अधिक सापडते.

इतिहासाच्या अभ्यासकांना एक उदाहरण जवळचे वाटेल. पुणे पुराभिलेखागारात पेशवे दफ्तर रुमालांत बांधून ठेवलेले आहे. समजा, एका रुमालातील कागदांची यादी स्वतंत्र चोपडीत लिहिली. अभ्यासक चोपडी पाहून ‘अमुक पत्र आहे’ एवढे जाणतो. पत्र वाचण्यासाठी मात्र रुमालच सोडावा लागतो. सी भाषेत ‘हेडर’ म्हणजे ती चोपडी आणि ‘लायब्ररी’ म्हणजे रुमाल. चोपडी कोठे आहे हे कंपायलरला सांगायचे. रुमाल कोठे आहे हे लिंकरला. म्हणून चौकोनात पत्ते दोन.

ही विभागणी हौसेची नव्हती. बेल लॅब्जमध्ये डेनिस रिची यांनी सी भाषा घडवली तेव्हा यंत्रांची स्मृती अतिशय तुटपुंजी होती. मोठा प्रोग्राम एका दमात कंपाइल होणे शक्य नसे. त्याचे तुकडे करायचे, प्रत्येक तुकडा वेगळा कंपाइल करून ठेवायचा आणि शेवटी जोडायचे. एका तुकड्याला दुसऱ्यातील नावे कळावीत म्हणून सामाईक मजकूर एका फाइलीत ठेवून ती वर ‘इन्क्लूड’ करायची सोय १९७३ च्या सुमारास सी मध्ये आली. दुसऱ्या फाइलीचा मजकूर आणून चिकटवायचा, यापलीकडे त्या आज्ञेत काही नाही. कल्पनाही नवी नव्हती. बीसीपीएल आणि पीएल-वन या आधीच्या भाषांत तशी सोय होतीच.

चोपडी सापडली तरी रुमाल सापडेलच असे नाही, हा धडा टर्बो सी मध्ये चित्रे काढताना मिळे. ‘ग्राफिक्स डॉट एच’ ही हेडर-फाइल इन्क्लूड केली की प्रोग्राम विनातक्रार कंपाइल होई. नंतर लिंकर अडे : ‘अनडिफाइन्ड सिम्बॉल इनिटग्राफ’. कारण वर्तुळ, रेषा काढणारा खरा कोड ग्राफिक्सच्या वेगळ्या लायब्ररीत, आणि ती जोडण्याची खूण लिंकरच्या पर्यायांत स्वतंत्रपणे करावी लागे. तीही केली, तरी प्रोग्राम चालताना ‘बीजीआय’ नावाच्या डिरेक्टरीतील चित्रचालक फाइल लागे. तिचा पत्ता तर प्रोग्रामच्या मजकुरातच लिहावा लागे. एका वर्तुळासाठी तीन टप्पे, तीन ठिकाणच्या नोंदी. मित्राच्या घरून फ्लॉपीवर आणलेला प्रोग्राम प्रयोगशाळेत न चालण्याचे कारण बहुधा या तिसऱ्या पत्त्यात असे.

तयार लायब्ररीची खरी अडचण मात्र पत्त्याहून खोल होती. इंटेल ८०८६ हा प्रोसेसर स्मृती ६४ किलोबाइटच्या खंडांत पाहत असे. त्यामुळे टर्बो सी मध्ये ‘मेमरी मॉडेल’ निवडावे लागे : टायनी, स्मॉल, मीडियम, कॉम्पॅक्ट, लार्ज, ह्यूज. मॉडेल बदलले की पत्त्याचा आकार बदले, आणि आधी कंपाइल करून ठेवलेली लायब्ररी निरुपयोगी ठरे. म्हणूनच बोर्लंड कंपनी सी ची एकच प्रमाण लायब्ररी पाच वेगवेगळ्या फाइलींत देत असे. टायनी आणि स्मॉल यांना तेवढी एक सामाईक होती. मजकूर तोच, पाच वेळा शिजवलेला.

यावर उपाय उघड आहे. शिजवलेले न पाठवता शिधा पाठवावा. ज्याने त्याने आपल्या चुलीवर शिजवावे. या कल्पनेचा एक धागा थेट पुण्याशी जुळतो, म्हणून थोडे मागे जाणे भाग आहे.

१९७० च्या दशकात झुरिकच्या ईटीएच या संस्थेत निकलाउस विर्थ यांच्या गटाने पास्कल भाषेचा ‘पास्कल-पी’ हा कंपायलर सिद्ध केला. त्याच्या रचनेवरील १९७४ च्या टिपणाच्या लेखकांत पहिले नाव एका भारतीयाचे आहे : केसव नोरी. कंपायलर स्वतः पास्कलमध्येच लिहिलेला होता आणि तो एका काल्पनिक यंत्रासाठी ‘पी-कोड’ निर्माण करी. ज्याला तो हवा असेल त्याने त्या काल्पनिक यंत्राची नक्कल करणारा छोटा प्रोग्राम आपल्या संगणकावर लिहायचा आणि कंपायलरच्या मजकुरातील काही मापे बदलायची : पूर्णांकाला किती जागा, अक्षराला किती, कोणती संख्या कोणत्या सीमेवर ठेवायची. बाकी सगळे जसेच्या तसे. जगभरातील लहानमोठ्या संगणकांवर पास्कल पसरली ती या मार्गाने. मूळ मजकूर एक आणि यंत्रागणिक बदलणारी मूठभर सेटिंगे, ही आजच्या हेडर-ओन्ली लायब्ररीची रीत त्या संचात स्पष्ट दिसते.

हेच नोरी पुढे पुण्यात टाटा रिसर्च डेव्हलपमेंट अँड डिझाइन सेंटरमध्ये, म्हणजे टीआरडीडीसीत, काम करत होते. १९८१ मध्ये स्थापन झालेल्या या केंद्रात एका वर्णनावरून दुसरा प्रोग्राम निर्माण करणाऱ्या साधनांवर दीर्घकाळ संशोधन झाले. पुण्याच्या संगणक-इतिहासात सगळा प्रकाशझोत महासंगणकावर पडतो. हडपसरच्या औद्योगिक वसाहतीतील हे काम त्यामानाने अंधारात राहिले, आणि ते योग्य झाले नाही.

महासंगणकाची कथा तरीही टाळता येत नाही, कारण वरचा मुद्दा तिच्यात सर्वांत ठळक दिसतो. अमेरिकेने प्रगत महासंगणक देण्यावर घातलेल्या निर्बंधांच्या पार्श्वभूमीवर १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅकची स्थापना झाली, डॉ. विजय भटकर तिचे पहिले कार्यकारी संचालक. १९९१ मध्ये ‘परम ८०००’ सिद्ध झाला. त्याचा पाया इनमॉस कंपनीचे टी-८०० ट्रान्स्प्युटर. पुढच्या ‘परम ८६००’ मध्ये इंटेलचा आय-८६० आला. ‘परम ९०००’ आणि १९९८ चा ‘परम १००००’ स्पार्क कुळातील प्रोसेसरांवर उभे राहिले, आणि ‘परम पद्म’ आयबीएमच्या पॉवर-४ वर. हा पद्म जून २००३ च्या जागतिक ‘टॉप ५००’ यादीत १७१ व्या क्रमांकावर होता.

ही परंपरा अभिमानाने सांगितली जाते. तिची प्रोग्रामरला मोजावी लागलेली किंमत मात्र क्वचितच सांगितली जाते. साधारण १२ वर्षांत यंत्राची भाषा तीन वेळा बदलली. ट्रान्स्प्युटरसाठी कंपाइल केलेली लायब्ररी स्पार्कवर कवडीमोल. स्पार्कची पॉवरवर तशीच. एका पिढीतून दुसऱ्या पिढीत जाऊ शकत होता तो फक्त मूळ मजकूर, आणि तोही नव्या कंपायलरच्या नव्या सेटिंगांसह. गणेशखिंडीत हे ज्यांनी अनुभवले त्यांना ‘शिधा पाठवा’ या म्हणण्याचे मोल वेगळे समजावून सांगावे लागले नसते.

आता १९९४ कडे. कॅलिफोर्नियातील हेवलेट-पॅकार्डच्या प्रयोगशाळेत अलेक्झांडर स्टेपानोव्ह आणि मेंग ली यांनी सी प्लस प्लस साठी ‘स्टँडर्ड टेम्प्लेट लायब्ररी’ रचली. त्या वर्षीच्या जुलैमध्ये प्रमाणीकरण समितीने ती मसुद्यात स्वीकारली आणि ऑगस्टमध्ये कंपनीने ती इंटरनेटवर सर्वांसाठी मोफत ठेवली. ही लायब्ररी जवळजवळ सर्वस्वी हेडर-फाइलींची होती. चोपडीतच सगळी पत्रे नकलून टाकलेली. रुमाल सोडण्याचे कारणच उरले नाही.

असे का करावे लागले? टेम्प्लेट म्हणजे साचा. क्रमाने लावण्याचा एकच साचा पूर्णांकांना चालतो, नावांना चालतो, तारखांनाही चालतो; पण त्यात काय भरायचे हे वापरणाराच ठरवतो. उकडीच्या मोदकाचा साचा विकणाऱ्याला सारण आधीच भरून देता येत नाही. तसेच साच्यापासून यंत्राचा कोड तयार करायचा तर वापराच्या क्षणी साच्याचा संपूर्ण मजकूर कंपायलरच्या डोळ्यांसमोर हवा. म्हणून तो हेडरमध्येच ठेवणे आले.

समितीला ही रीत फारशी रुचलेली नव्हती. १९९८ च्या प्रमाणात ‘एक्स्पोर्ट’ हा शब्द घालून साच्याचा मजकूर वेगळ्या फाइलीत ठेवण्याची मुभा देण्यात आली. ती प्रत्यक्षात आणणे इतके बिकट निघाले की एडिसन डिझाइन ग्रुपच्या कंपायलर-गाभ्याखेरीज कोणी ती पूर्ण केली नाही, आणि २०११ च्या प्रमाणातून ती काढून टाकण्यात आली. कागदावर १३ वर्षे जगलेला आणि व्यवहारात जवळपास न वापरला गेलेला असा हा नियम.

स्टेपानोव्ह-ली यांच्या त्या मूळ फाइलींची नावे पाहिली तर एक गंमत आढळते. ‘अल्गोरिदम’ या इंग्रजी शब्दात नऊ अक्षरे. डॉसमध्ये फाइलीच्या नावाला आठच परवानगी. तेथील फाइल होती ‘अल्गो डॉट एच’, आणि तिच्या पायाभूत फाइलीचे नाव ‘अल्गोबेस’, नेमके आठ अक्षरांचे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे नियर, फार आणि ह्यूज पत्त्यांसाठी त्यांनी स्वतंत्र हेडर दिल्या होत्या. स्मृती कशी मागायची हे ठरवणारा ‘अ‍ॅलोकेटर’ हा भाग या लायब्ररीत आला तोच पीसीवरच्या मेमरी मॉडेलांच्या गोंधळामुळे. पुण्यातला विद्यार्थी ज्या सहा पर्यायांपुढे चाचपडत होता, त्यांची दखल पालो आल्टोत घेतली गेली होती.

आणि तरीही ही लायब्ररी त्या विद्यार्थ्याच्या हाती आली नाही. कारण प्रयोगशाळेतले टर्बो सी प्लस प्लस ३.० हे १९९१ चे होते. त्यात टेम्प्लेट होते, पण प्राथमिक अवस्थेतले. ‘नेमस्पेस’ नव्हते, ‘बूल’ हा प्रकार नव्हता, अपवाद हाताळण्याची सोय नव्हती. १९९८ च्या प्रमाणाने हेडरच्या नावातला ‘डॉट एच’ काढून टाकला. टर्बोला ते कळणे शक्यच नव्हते. पत्त्याच्या चौकोनात कितीही अचूक पत्ता लिहिला, तरी तेथला मजकूर या कंपायलरला वाचता आला नसता. आता अडचण जागेची नव्हती, सालाची होती.

१९९५ मध्ये टर्बो शिकवणे पूर्णपणे समर्थनीय होते, हे आधी मान्य केले पाहिजे. ते थोड्या फ्लॉपींवर मावे, साध्या पीसीवर झटकन चाले, संपादक, कंपायलर आणि मदतीची पाने एकाच पडद्यावर देई. त्याच्या भोवती पुस्तकांचे एक विश्व उभे राहिले. नागपूरचे यशवंत कानेटकर यांचे ‘लेट अस सी’ अप्पा बळवंत चौकातल्या दुकानांत क्रमिक पुस्तकाइतकेच सहज मिळे, आणि त्याच्या जुन्या आवृत्त्यांतील उदाहरणे टर्बोवर जशीच्या तशी चालत. राज्य मंडळाच्या बारावीच्या संगणकशास्त्रात सी प्लस प्लस अनेक वर्षे होती. इंग्रजीचा बाऊ वाटणाऱ्या मुलालाही तो निळा पडदा परका वाटत नसे, ही गोष्ट लहान नाही.

पण पुढे सवय हेच कारण झाले. प्रात्यक्षिकाच्या वह्या, तोंडी परीक्षेचे प्रश्न, मागच्या वर्षीचे प्रोग्राम, सगळे एकाच सालात गोठले. याच काळात जीसीसी हा मुक्त कंपायलर मोफत उपलब्ध होता. रिचर्ड स्टॉलमन यांनी तो १९८७ मध्येच प्रसिद्ध केला होता. पुणे विद्यापीठाच्या संगणकशास्त्र विभागात काही वर्षे शिकवलेले उदय खेडकर पुढे आयआयटी मुंबईत त्याच जीसीसीच्या अंतरंगावर कार्यशाळा घेत होते. एकाच राज्यात एकीकडे कंपायलरचे अंतरंग उलगडले जात होते आणि दुसरीकडे प्रोग्रामची पहिली ओळ ‘आयओस्ट्रीम डॉट एच’ अशीच लिहिली जात होती.

जीसीसीने काही काळ हे जुने नाव खपवून घेतले. जुनी हेडर दिसली की इशारा द्यायचा आणि पुढे जायचे. मार्च २००८ मध्ये आलेल्या ४.३ या आवृत्तीतून ती सोय काढून टाकण्यात आली. त्यानंतर महाविद्यालयातली वही उघडून त्यातला प्रोग्राम लिनक्सवर उतरवणाऱ्याला पहिल्याच ओळीवर अशी फाइल नसल्याची सूचना मिळू लागली. संदेशाचा अर्थ वीस वर्षांपूर्वीच्या निळ्या पडद्यावरचाच, पण कारण निराळे. पत्ता बदलून तो सुटत नव्हता. तीन-चार वर्षे मन लावून शिकलेली भाषा कंपनीच्या पहिल्या चाचणीत ‘सापडत नाही’ असे उत्तर देते, तेव्हा दोष स्वतःचाच आहे असे त्या मुलाला वाटणे स्वाभाविक होते. तो त्याचा नव्हता.

आज हेडर-ओन्ली लायब्ररी वापरायला काय लागते, ते थोडक्यात सांगता येते. बूस्ट हा संग्रह बहुतांशी याच जातीचा. गणिती सारण्यांची आयगेन ही लायब्ररी तर पूर्णपणे. फाइली उतरवून कोठेही ठेवायच्या. कंपायलरला आज्ञा देताना उणे चिन्ह, त्याला लागून मोठ्या लिपीतला ‘आय’ आणि त्यापुढे फोल्डरचा पत्ता. लिंकरसाठी काही नाही. नवशिक्यांची फसगत एका ठिकाणी ठरलेली : प्रोग्राममध्ये ‘बूस्ट’ हे फोल्डरचे नाव धरून हेडर मागितलेली असते, म्हणून पत्ता ‘बूस्ट’चा नव्हे, तर ते ज्या फोल्डरात आहे त्याचा द्यायचा.

दुसरी सूचना सालाची. ‘एसटीडी’ या पर्यायापुढे भाषेचे प्रमाण लिहायचे : अकरा, चौदा, सतरा, वीस. सरळ इसवी सनाचे शेवटचे दोन अंक. लायब्ररी सतराची आणि कंपायलर अकरावर अडलेला असेल, तर चुकांची शेकडो ओळींची रांग लागते आणि त्यात खरे कारण कोठेही स्पष्ट लिहिलेले नसते. तिसरी सूचना वेगाची. साच्यांचा कोड ‘ऑप्टिमायझेशन’ चालू केल्याशिवाय कमालीचा मंद चालतो. ‘ओ-टू’ लावायला विसरलेल्यांनी चांगल्या लायब्ररीलाही उगाच नावे ठेवली आहेत.

या रीतीलाही खर्च आहेच. प्रत्येक फाइल कंपाइल करताना सगळी चोपडी नव्याने वाचावी लागते, त्यामुळे मोठे प्रकल्प रेंगाळतात. पण परम घराण्यातील आजच्या यंत्रांसारख्या सामायिक महासंगणकावर सामान्य संशोधकाला प्रणालीच्या फोल्डरांना हात लावता येत नाही. तयार लायब्ररी बसवायची तर व्यवस्थापकाला विनंती करा नाहीतर ती स्वतः बांधत बसा. हेडर-ओन्ली लायब्ररी स्वतःच्या फोल्डरात टाकायची, पत्ता द्यायचा, आणि त्या यंत्राच्या प्रोसेसरसाठी ती तेथेच कंपाइल होते.

टर्बो सी मात्र अजून पुरते गेलेले नाही. ६४-बिट विंडोज १६-बिट प्रोग्राम चालवत नाही, म्हणून ते ‘डॉसबॉक्स’ या नकली डॉसमध्ये चालवतात. त्यात आधी ‘माउंट’ ही आज्ञा देऊन एखाद्या साध्या फोल्डरला ‘सी’ ड्राइव्ह म्हणून घोषित करायचे. मग ऑप्शन्स, मग डिरेक्टरीज. मूळ संगणक लिनक्सचा असला आणि त्यावर सी नावाचा ड्राइव्हच नसला, तरी चौकोनातला पत्ता तोच : सी ड्राइव्ह, टीसी, इन्क्लूड.